पुन्हा विचारून पाहणे

संगणक नुकतेच लहान गावांपर्यंत पोहोचू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका वाचनालयात असा एक संगणक आला. वयोवृद्ध ग्रंथपालांनी, ज्यांना सारे दाजी म्हणत, तो आपली शिष्या मालिनी हिच्या स्वाधीन केला. सर्व पुस्तकांची नोंद तिने त्यात करायची होती.

यंत्राने तिचा छळ मांडला. एक अक्षर चुकले की पडद्यावर नकार उमटे. वीज गेली की न साठवलेले काम नाहीसे होई. मालिनी चरफडे, पण "माझंच काही चुकलं असेल" असे म्हणून वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारून पाही.

एके दुपारी ती अशीच वैतागलेली असताना रंगनाथ सोनार आले. त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन पट्टी बांधलेली होती. तिचे अर्धवट राहिलेले पुस्तक त्यांना वाचून दाखवायचे होते.

"'नावाड्याची वस्ती' आहे का?"

मालिनीने नाव टाइप केले. नकार आला.

"नाही ते."

"इथूनच नेलं होतं हो, दवाखान्यात जाताना परत केलं."

"लेखक कोण?"

"ते नाही लक्षात."

"काका, नाव धड माहीत नाही, लेखक माहीत नाही. मी शोधू कसं? घरी विचारून या."

"तिलाही आठवत नाहीये," असे पुटपुटत ते दाराकडे वळले.

दाजी उठले. त्यांनी सरळ संगणकाचे बटण बंद केले आणि रंगनाथरावांना हाताला धरून मालिनीसमोर बसवले.

"दाजी, अहो, काम साठवलं नव्हतं मी. दुपार फुकट गेली."

"जाऊ दे. आता यांना विचार."

"विचारलं ना."

"एकदा विचारलंस. त्या यंत्रानं सकाळपासून तुला कितीदा नाही म्हटलं? दर वेळी तू चूक आपली मानलीस, शब्द बदललेस, पुन्हा विचारलंस. तो धीर चांगलाच आहे, पोरी. पण सगळा तिथंच संपला आणि माणसाच्या वाट्याला काही उरलं नाही, तर काय उपयोग? यांना घरी जाऊन 'मिळालं नाही' म्हणून सांगावं लागणार आहे."

मालिनीचा राग काही लगेच ओसरला नाही. तरी तिने विचारले, "गोष्ट कुठवर आली होती?"

"पूर आलाय. नावाडी पलीकडच्या काठावर अडकलाय, आणि त्याची बायको इकडे कंदील धरून उभी आहे."

मालिनीला ती गोष्ट ओळखीची वाटली. ती उठून कपाटाकडे गेली आणि 'वस्तीवरचा नावाडी' घेऊन आली. रंगनाथरावांनी उभ्या उभ्याच पाने उलटली.

"इथंच थांबली होती ती," ते म्हणाले.

"सावकाश वाचा, काका. मुदतीचं मी बघते."

ते गेल्यावर तिने संगणक सुरू केला आणि गेलेले काम धुसफुसतच पुन्हा करायला घेतले. दाजींना मात्र तिने एका शब्दाने दोष दिला नाही.

यंत्राला पुन्हा पुन्हा विचारण्याची सवय आज आपल्या सर्वांनाच आहे. ती समोरच्या माणसांपर्यंत पोहोचली का, एवढेच ज्याने त्याने पाहावे.