एकेचाळीस चौरंग

शुद्धलेखनात चुका होतील आणि शब्दही साधेच असतील. माझी शाळा लवकर सुटली. लहानथोर सगळ्यांनी सांभाळून घ्यावं.

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरी राज्यात एक लेखनिक होता. त्याचं अक्षर इतकं सुरेख, की त्यात उतरलेल्या राजाच्या शिव्याही वाचाव्याशा वाटत. पण त्याला एक भीती होती. मिटलेला कागद विसरला जातो, असं त्याला वाटे. म्हणून तो एकही कागद मिटत नसे. नवा कागद आला की सुताराकडून नवा चौरंग करून घेई आणि त्यावर तो पसरून ठेवी. कागद सापडला नाही तर त्याची दुसरी नक्कल करी, आणि तिलाही वेगळा चौरंग. होता होता दालनात एकेचाळीस चौरंग झाले. दरबारी म्हणत, लेखनिकबुवांकडे जायचं तर आधी बगळ्याकडून चालायला शिकावं.

एकदा शेजारचा राजा सैन्य घेऊन सीमेवर आला. आपल्या राजाने तहाचं पत्र सांगितलं: आपण थोरले बंधू, भोजनाला यावं, माझ्या उजव्या हाताला बसावं. त्याच सकाळी हत्तीखान्यालाही एक हुकूम लिहायचा होता. लेखनिक या चौरंगावरून त्या चौरंगाकडे उड्या मारत लिहीत राहिला. एका कागदाचा शेवट दुसऱ्यावर गेला, आणि दोन्ही तसेच रवाना झाले.

दुपारी माहूत सजवलेला हत्ती घेऊन भोजनगृहाच्या दारात उभा राहिला.

"उजव्या हाताला बसवायचा हुकूम आहे महाराज," तो अदबीने म्हणाला, "पण पाट लहान पडेल."

सीमेवर काय गेलं ते राजाला तेव्हा कळलं: थोरल्या बंधूंचं पोट फार सुटलं आहे, चार दिवस उपाशी ठेवावं, मग घासून नदीत बसवावं. इतक्यात शेजाऱ्याचा निरोपही आला. सूर्यास्तापर्यंत खुलासा आला नाही, तर युद्ध.

लेखनिक दालनात धावला. तहाच्या पत्राच्या तीन नकला मिळाल्या. तिन्हींचा शेवट वेगळा.

फडताळं सांभाळणारी म्हातारी आली आणि एकेक कागद मिटून आत ठेवू लागली. प्रत्येक कागदाला लेखनिक कळवळला.

"मेला का तो?" म्हातारीने विचारलं.

"नाही, आजी."

"मग रडतोस कशाला? फडताळात आहे, मागशील तेव्हा मिळेल. समोर दोनच ठेव. एक बघायचा, एक लिहायचा."

राजाने सांगितलं तेव्हा घेतलेलं टिपण त्याने डावीकडे ठेवलं, कोरा कागद उजवीकडे. घटकाभरात पत्र झालं, शेवटी हत्तीच्या घोटाळ्याचा खुलासाही लिहून झाला, आणि घोडेस्वार निघाला.

शेजारचा राजा ते वाचून पोट धरून हसला. उपाशी राहायला आमचे वैद्यही सांगतात, तो म्हणाला, पण इतक्या आदराने कोणी सांगत नाही. सैन्य परत फिरलं. लेखनिकाची नोकरी राहिली; सुताराची मात्र गेली.

तात्पर्य: मिटलेलं हरवत नाही; सगळंच उघडं ठेवलं, की समोरचं दिसेनासं होतं.

ही गोष्ट लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक सुरू केला. लिहायच्या प्रोग्रॅममध्ये सत्तावीस फायली उघड्या होत्या, त्यात हीच गोष्ट तीनदा. मन घट्ट करून मी दोन ठेवल्या आणि बाकीच्या बंद केल्या.