मिसिंग

"प्लग बदललेस?" दाऊद वस्तादांनी विचारलं.

"बदलले."

"वायरी?"

"सगळ्या नव्या. दोन खेपा बदलल्या."

"डेल्को?"

"प्लगांना करंट वाटणारा तो अख्खा डबाच नवा बसवलाय, वस्ताद. कॉइल नवी. कार्बोरेटर धुऊन काढला. आता बॉनेटखाली जुनं काही राहिलं असेल तर मीच."

वस्ताद हसले नाहीत.

छबू लोहारणीची गाडी समोर धडधडत उभी होती. जरा धड चालायची, मग ठेचकाळायची, अंग झाडायची, पुन्हा चालायची. गॅरेजवाले याला म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय. चार सिलिंडरांतला एक पेटत नाही, आणि बाकीचे तिघं त्याला ओढत नेतात.

छबू वस्तादांच्या याच पत्र्याखाली काम शिकली होती. नवरा गेल्यावर पदर खोचून आली आणि पाना उचलला. पुढं फाट्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. आसपासच्या गावांतल्या गाड्या तिच्या दारात यायच्या. ड्रायव्हर तिच्या हाताला मानायचे अन् तोंडाला भ्यायचे. तिला न सुटलेली गाडी अजून रस्त्यावर आलेली नव्हती. ही आली… आणि आली ती तिची स्वतःचीच.

वस्तादांची नजर आता गेली होती. बाकावर बसून ते नुसते ऐकायचे.

"एवढी हिच्या मागं लागलीस," ते म्हणाले, "निघालीस कुठं?"

छबूनं स्वच्छ पाना पुन्हा पुसला.

"विट्याला. शुभीला मुलगी झाली."

"बारशाचं बोलावणं आलं?"

"येतंय! बांगडीवालीच्या तोंडून कळलं मला. सख्ख्या आईला बांगडीवाली सांगती, बाई, तुम्ही आजी झालात!"

लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा छबू म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. लेकीनं दाखवलं नाही. शब्दाला पक्की निघाली. आईवर गेली होती.

तेव्हापासून छबू एकीचंच पीठ मळायची, तरी भाकरी उरायची. संध्याकाळी आतल्या खोलीत टीव्ही लावून ठेवायची. बघायची नाही. घरात कुणीतरी बोलत राहावं, एवढंच.

"जाणार आहे मी," ती म्हणाली. "गाडी नीट होऊ दे, लगेच निघते."

"विट्याला एसटी जाते."

…

"एकेक वायर काढून बघितलीस?" वस्तादांनी विचारलं.

"तेवढं कळतं मला. चालू इंजिनात एकेकाची वायर उपटली. तिघांची उपटली तर गाडी लंगडली. तिसऱ्या नंबरची उपटली…" ती थांबली. "तिसऱ्याची उपटली तर गाडीला पत्ताच नाही. होता काय अन् गेला काय. ज्याच्या जाण्यानं कुणाला फरक पडत नाही तो मेलेला. तुम्हीच शिकवलंय."

"मेलेला म्हणालो नव्हतो," वस्ताद म्हणाले. "पेटत नाही म्हणालो होतो."

"एकच की."

वस्तादांनी मागं खोलीकडं हात केला.

"माझी वाकळ आण."

"या उन्हात?"

"आण."

तिनं आणली. जाडजूड, ठिगळांची.

"डोक्यावरून घे, बॉनेटवर सोड. उजेडाची फट ठेवू नकोस. पदर खोच, आत पंखा फिरतोय."

"अन् बघू काय?"

"मला विचारतीस? मला दिसत असतं तर मीच वाकलो नसतो का?"

छबू वाकली.

आत मिट्ट काळोख. इंजिनाचा गरम वास, कानात धडधड. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं खुळ्यात काढलं आपल्याला.

मग दिसलं.

तिसऱ्या नंबरच्या वायरीवर निळी ठिणगी. टक… टक… टक…

तिथं तिचीच गाठ होती. लोंबतं काही छबूला खपायचं नाही. प्रत्येक वायर ती बांधायच्या तारेनं इंजिनाच्या लोखंडाला आवळायची, वर पकडीनं पीळ द्यायची. 'छबूबाईची गाठ' म्हणून ड्रायव्हर थट्टा करायचे, तिला ते कौतुकच वाटायचं. तारेनं वायरीचं रबर कापलं होतं. तिनं वायर बदलली होती, नव्या वायरीला तीच गाठ मारली होती. पुन्हा बदलली, पुन्हा मारली. करंट कापल्या जागेतून तारेत उडत होता, तारेतून लोखंडात. प्लगपर्यंत जात नव्हता.

ठिणगी बघून झाली, तरी वाकळ हलली नाही.



…

छबू बाहेर आली तेव्हा तिचं तोंड ओलं होतं.

"घाम किती येतो आत," ती म्हणाली.

"हं."

"करंट आहे की हो, वस्ताद! चांगला जोरात आहे. सगळा बाहेरच्या बाहेर चाललाय."

"वायर आवळली कुणी?"

"मी." मग जरा चढ्या आवाजात, "मग काय लोंबत ठेवू? जागची हलायला नको म्हणून आवळली. नवी घालते, यावेळी तार जरा…"

"गाडी बंद कर. गाठ सोड."

तिनं पकडीनं पीळ उलटा फिरवला. हट्टी गाठ होती, सुटेना. शेवटी तिनं तार कापली. कापल्या रबरावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, जाऊन येईतो पुरेल अशी. मग सवयीनं हात पुन्हा तारेच्या वेटोळ्याकडं गेला.

तारेच्या आवाजासरशी वस्ताद उठून आले, चाचपत हात पुढं केला. तिचं मनगट धरलं. वायर अन् लोखंड यांच्यामध्ये आपलं बोट घातलं.

तसंच ठेवलं.

"एवढी जागा राहू दे," ते म्हणाले.

तिनं ट्यूबचीच एक सैल कडी करून वायर तिच्यात ओवली. मग गाडी चालू केली.

इंजिन एका सुरात वाजू लागलं. ठेच नाही, झटका नाही. एवढं सुरेख वाजलं की छबूला धडकी भरली. आता न जायला काही कारणच उरलं नव्हतं.

तिनं बॉनेट आपटलं. स्टिअरिंगमागं बसली. रस्ता मोकळा होता. ती मात्र जागची हलेना.

"वस्ताद…"

"बोल."

"तिनं दार लावून घेतलं तर?"

वस्ताद चाचपत पुन्हा बाकावर टेकले.

"बरं, उघडलं… तर बोलू काय मी? कुठनं सुरू करू?"

तिला कळलंच नाही, पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जात होता. इंजिन गरजत होतं. वस्तादांनी कानामागं हात धरला.

"बोलू काय तिला?" ती ओरडली.

वस्तादांनी मान हलवली. ऐकू येत नव्हतं.

"माझ्या लेकीला मी काय बोलू, वस्ताद!" छबू किंचाळली. शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला.

वस्ताद उठले. गाडीच्या अंगाला हात लावत लावत खिडकीशी आले. वाकले.

"तिच्या दारात पोचलीस ना छबू… की आधी इंजिन बंद कर."