मी घेतो

खेळाडूंनी मैदानात तोंड उघडायचं नाही, असा हुकूम फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष दौलतराव शिंगटे यांनी काढला. नियम एवढाच आहे, की ओरडून समोरच्याला फसवू नये. पण दौलतरावांना सांगणार कोण? चेंडूसाठी आपल्याच गड्याला हाक मारली तरी पिवळं कार्ड मिळू लागलं.

अंतिम सामन्यात गोलकीपर इर्शाद मुल्लाणीला असं एक कार्ड आधीच मिळालं होतं. दुसरं मिळालं की मैदानाबाहेर. म्हणून उंच आलेल्या चेंडूवर तो मुकाट्याने झेपावला. त्याच्याच संघातला बंडा सुतारही तसाच झेपावला. दोघांची डोकी आपटली आणि बंडाचा एक डोळा कायमचा गेला.

चौकशीत दौलतरावांनी सगळं इर्शादवर ढकललं. "बेफिकीर खेळलास. तुला जन्मभर बंदी."

इर्शादने टेबलावरचा चेंडू उचलला आणि दौलतराव व शेजारी बसलेले पंच यांच्या मधोमध उंच उडवला. दोघेही हात वर करून उठले.

"तुम्ही थांबा, मी घेतो," दौलतराव पंचांना म्हणाले आणि त्यांनी चेंडू झेलला.

"साहेब," इर्शाद म्हणाला, "बंडाला मला एवढंच सांगायचं होतं."