राजाचा उजवा मोजा

फार पूर्वी, जिथे उन्हाळ्यातही संध्याकाळी लोकर अंगावर घ्यावी लागते अशा उत्तरेकडच्या समुद्राकाठी, डेन लोकांचा एक राजा राहत होता. राजा शूर होता, बोलायला मोकळा होता, आणि घरच्या माणसांवर त्याचा फार जीव होता. एक गोष्ट मात्र तो कधी करत नसे. उजव्या पायातला मोजा तो कुणासमोर काढत नसे.

त्या पायाची दोन बोटं जन्मापासून एकमेकांना चिकटलेली होती. तो लहान असताना त्याच्या आजीने सांगितलं होतं, "हे कुणाला दिसू देऊ नकोस. असा पाय राजाचा नसतो, म्हणतील." तेव्हापासून मोजा पायात होता तो होताच. राजवाड्यात हे एकट्या राणीला ठाऊक होतं. तिलाही त्याने लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवलं होतं, "या पायाबद्दल घरात बोलायचं नाही."

राणीच्या आधी राजाची एक बायको होती. तरुणपणी काकाने त्याला देशाबाहेर हाकललं, तेव्हा तो एका बेटावर कोळ्यांच्या वस्तीत राहिला होता. तिथल्या एका कोळणीशी त्याने लग्न केलं, त्यांना मुलगा झाला. पुढे राज्य परत मिळालं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्या राजवाड्यात माझा जीव गुदमरेल. मला माझी होडी बरी." मुलगा तिच्याजवळच वाढला.

एका हिवाळ्यात ती कोळीण वारली, आणि तिचा मुलगा होडी वल्हवत बापाकडे आला. चांगला उंच, हसरा, हातांना जाळ्याचे घट्टे पडलेले. राणीने त्याला शेकोटीपाशी बसवलं आणि गरम दूध दिलं. राणीचा स्वतःचा मुलगा त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान होता. तो दाराआडून बघत होता.

"ये की," बेटावरचा म्हणाला. "मी चावत नाही. मासे चावतात कधीकधी."

धाकटा हसला, आणि त्या दिवसापासून त्याचा 'दादा, दादा' जप सुरू झाला. दादाने त्याला जाळं विणायला शिकवलं. एकदा दादा म्हणाला, "बर्फ वितळलं की तुला पोहायला शिकवतो."

"मला नाही आवडत पाणी," धाकटा म्हणाला आणि उठून गेला.

वसंत ऋतू आला तसं राजाने ठरवलं, थोरल्याला रीतसर कुळात घ्यायचं. त्या देशाची एक जुनी रीत होती. नव्या कातड्याचा एक मोठा बूट शिवायचा, एकाच पायाचा. सगळ्या सरदारांसमोर आधी बापाने त्यात उजवा पाय घालायचा, मग कुळात येणाऱ्याने, मग घरातल्या बाकीच्या मुलांनी. मेजवानीचा हंडा चुलीवरून उतरायच्या आत सगळ्यांचे पाय त्या बुटात पडून गेले पाहिजेत. तोवर एकाचाही पाय राहिला, तर येणाऱ्याने आल्या वाटेने परत जायचं. पुन्हा त्याला कुणी त्या बापाचा मुलगा म्हणायचं नाही.

सरदार धाकट्याच्या कानाशी लागले. "तो घरात आला तर राज्यावर आधी त्याचा हक्क. विचार करा, युवराज."

"मोठा आहे तो माझ्यापेक्षा," धाकटा म्हणाला. "त्याचाच असायचा."

तो दिवस आला. राजाने बुटात पाय घातला, मोज्यासकट. रीत खरी उघड्या पायाची. पण राजाला कोण सांगणार?

मग थोरला पुढे आला. त्याने आपलं केसाळ कातड्याचं पायताण काढलं आणि पाय उघडा केला. त्याच्याही उजव्या पायाची दोन बोटं चिकटलेली होती.

"अरे, हा तर बदक निघाला," कुणीतरी म्हणालं, आणि सभेत हशा पिकला.

"आई पण बदकच म्हणायची," थोरला म्हणाला, आणि त्याने सावकाश बुटात पाय घातला. हसला तोही, पण कान लाल झाले होते.

राजाने ती बोटं पाहिली. ती कुणाकडून आली ते त्याला कळलं. तरी तो गप्प बसला.

आता धाकट्याची पाळी. रीत चालवणारा म्हातारा सरदार म्हणाला, "मोजा काढा, युवराज."

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने बापाकडे पाहिलं, हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. "मी नाही घालणार पाय," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

थोरला पायताण बांधायला लागला. त्याला वाटलं, सरदारांनी धाकट्याचे कान भरले.

राजाही तेच समजला. तो संतापून राणीकडे गेला. "तुझ्या मुलाला राज्याची हाव सुटली."

राणी म्हणाली, "अहो, त्याच्या पायातला मोजा तुम्ही कधी काढून पाहिलात?"

"नाही," राजा म्हणाला. "का?"

"तुम्ही सारखे लढायांवर. मी त्याला पाळण्यातच मोजे घातले, तुमचं पाहून. चूक माझीही आहे. त्याला वाटतं, साऱ्या घराण्यात आपणच एक असे. आज दुसरा एक दिसला. लोक त्याला हसले आणि त्याचा बाप गप्प बसला. हे त्याने पाहिलंय."

राजा म्हणाला, "त्याला आत बोलाव."

आचारी हंड्यापाशी डाव घेऊन उभा होता. राजा म्हणाला, "थांब जरा." मग तो सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर बसला आणि मोजा काढू लागला. मोजा निघाला.

"हा बघा राजाचा पाय," तो म्हणाला. "मघाशी तुम्ही माझ्या मुलाला हसलात, तेव्हा हा मोज्यात लपून बसला होता."

कुणी मान वर करेना. राजाने तो उघडा पाय पुन्हा बुटात घातला.

थोरला जवळ येऊन वाकून बघत राहिला. "आई म्हणायची, बापाचा पाय घेतलायस. मला वाटायचं, बदकासारखी ही पण थट्टाच." आणि या वेळी तो खरा हसला.

दाराशी धाकटा उभा होता. तो हळूहळू आत आला, बापाच्या शेजारी बसला आणि त्याने आपला मोजा काढला. पाय पांढराफटक होता, उन्हाचं तोंड न पाहिलेला. बापाने तो हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग धाकट्याने तो बुटात घातला.

"आता वाढू का?" आचाऱ्याने विचारलं.

जेवताना धाकट्याने हळूच विचारलं, "दादा, या बोटांमुळे पोहायला सोपं जातं का रे?"

"छे. काही उपयोग नाही," दादा म्हणाला. "पण आईला तसं वाटायचं, म्हणून मी चांगला पोहायचो."

त्या उन्हाळ्यात बाप आणि दोघे भाऊ समुद्रावर पोहायला गेले. राणी काठावर दोन मोजे आणि एक पायताण सांभाळत बसली होती. पुढे दोघे भाऊ एकामागून एक राजे झाले, आणि त्यांच्यात कधी तलवार निघाली नाही. त्या घराण्यात मूल जन्मलं की आधी त्याचे पाय उघडे करून सगळ्यांना दाखवत. आणि दोन बोटं चिकटलेली दिसली की म्हणत, "हा आपला."

तात्पर्य: आपल्या अंगातलं उणं लेकरांपासून लपवलं, म्हणून ते त्यांच्या वाट्याला यायचं राहत नाही, ते सोसताना ती एकटी पडतात, इतकंच.