पाळण्यावरचं ओझं

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा बैल बोलत असत आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती हसण्यासाठी ऐकावी. मोठ्यांनी हसू आवरून ऐकावी, कारण यातला वेडेपणा मोठ्यांचाच आहे.

डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं. तिथली माणसं मोठी प्रेमळ आणि तितकीच भित्री. कोणी डोंगर ओलांडायला निघालं, की घराघरातून एक एक वस्तू त्याच्या गाडीत चढायची. "असू द्या, कधी काय लागेल सांगता येत नाही," असं म्हणून ती द्यायची आणि निघणाऱ्यानं ती मुकाट्यानं घ्यायची. नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. तो वर्षानुवर्षं विसरला जात नसे.

या गावात रखमाजी नावाचा एक म्हातारा राहत होता. त्याची बायको शेवंता काही वर्षांपूर्वी वारली होती. एकुलती एक लेक गोदा डोंगरापलीकडे दिली होती, आणि आता तिला मुलगी झाली होती.

गोदाच्या सासरी अशी रीत होती, की बारशाच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बाळाला पाळण्यात घालायचं, आणि ज्या घरचा पाळणा असेल त्या घरानं नाव सुचवायचं. गोदाला लेकीचं नाव शेवंता ठेवायचं होतं. तिच्या नणंदेला मात्र आपल्या आजीचं नाव हवं होतं, आणि ते नाव होतं धोंडी. नणंदेनं घरातला जुना पाळणा पुसून तयारही ठेवला होता.

गोदानं बापाला निरोप धाडला, "आबा, दुसरं काही आणू नका. पाळणा तेवढा वेळेत आणा."

रखमाजीनं शिवणीच्या लाकडाचा पाळणा स्वतःच्या हातानं केला. करताना बायकोच्या आठवणीनं त्याचे डोळे दोनदा भरून आले. तिचं नाव त्या घरात पुन्हा हाकेला यावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

बारशाच्या आदल्या सकाळी त्यानं गाडी जुंपली. कोसा आणि हरण्या असे त्याचे दोन बैल. गाडीत एकटा पाळणा पाहून हरण्या खूश झाला. "धनी, आज तर फिरायलाच निघालो म्हणा की!"

तेवढ्यात सगळं गाव दारात गोळा झालं.

शेजारणीनं जातं आणलं. "तिकडचं पीठ जाड असतं. बाळंतिणीच्या पोटाला सोसायचं नाही." एकानं ढोल आणला, अस्वल दिसलं तर बडवायला. दुसऱ्यानं शिडी आणली, पूर आला तर झाडावर चढायला. "अहो, हे काय पावसाचे दिवस आहेत?" रखमाजीनं विचारलं. "म्हणूनच," तो म्हणाला, "गाफील माणसालाच पूर गाठतो." मग तांब्याचा हंडा आला, बाज आली, दोन उखळं आली. दोन कशाला, असं विचारायची सोय नव्हती, कारण ती दोन भांडणाऱ्या जावांकडून आली होती.

पाळणा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून रखमाजीनं तो सगळ्यात तळाशी, चारी बाजूंनी गवत लावून ठेवला. बाकीचं त्याच्यावर रचलं.

एवढं सामान म्हटल्यावर एखादं चाक मोडायचं, म्हणून त्यानं जादा चाक घेतलं. ओझं वाढलं म्हणजे बैलांना भूक जास्त लागणार, म्हणून चाऱ्याच्या पेंढ्या घेतल्या. कोरडा चारा खाऊन तहान लागणार, म्हणून पाण्याचे मोठे रांजण घेतले.

कोसा हा वयानं मोठा आणि स्वभावानं चौकस बैल होता. त्यानं मान वळवून विचारलं, "धनी, एवढा चारा कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आम्हाला एवढा का लागेल?"

"ओझं जड आहे म्हणून."

"आणि ओझं जड कशानं झालं?"

रखमाजीनं गाडीकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "बरंचसं चाऱ्यानंच."

कोसानं मान पुन्हा पुढे वळवली. बैलांना हसता येत नाही हे त्या दिवशी बरंच झालं.

सामान चढवण्यात, आवळण्यात आणि पुन्हा सोडून आवळण्यात तो दिवस संपला. गाडी निघाली ती बारशाच्या दिवशी तांबडं फुटताना. गावाबाहेरचा रस्ता सपाट आणि कडक. गाडी करकरत होती, पण चालत होती. रखमाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला, "बघ कोसा, उगीच घाबरत होतास. कसं झुलत चाललंय!"

"रस्ता आहे तोवर," कोसा म्हणाला.

ओढ्यापाशी रस्ता संपला. पुढे वाळू, दगड आणि डोंगर. वाळूत दहा पावलं गेली नाहीत तोच चाकं निम्मी आत गेली. बैल गुडघ्यावर आले, पण गाडी तसूभर हलेना. शेवटी रखमाजीनं वरवरचं सगळं सामान उतरवलं, डोक्यावर घेऊन एक एक करत पलीकडे नेलं, हलकी झालेली गाडी काढली आणि घाम पुसत सगळं पुन्हा रचायला घेतलं.

हरण्याला राहवलं नाही. "धनी, हे इथंच झाडाखाली राहू द्या ना. येताना घेऊन जाऊ."

"आणि गावात काय तोंड दाखवू? जातं ओढ्यात टाकून आलो म्हणू? एक एक वस्तू मायेनं दिलीय लोकांनी. असू दे."

मला या रखमाजीचा राग येतो आणि त्याची कीवही येते. लोकांचं मन मोडायला तो भीत होता, आणि त्या भीतीपायी स्वतःच्या लेकीला ताटकळत ठेवत होता.

पुढे डोंगराची कड लागली. एका बाजूला चढ, एका बाजूला घसरण, आणि गाडी घराच्या आढ्याएवढी उंच. ती दरीकडे झुकायला लागली. रखमाजीनं दोन्ही उखळं चढाच्या बाजूला बांधली, तरी ती झुकलीच. मग तो स्वतः त्या बाजूला लोंबकळला. वाटेत एक अस्वल भेटलं. पण लोंबकळणारा म्हातारा, आडवी शिडी आणि डुलणारा ढोल पाहून ते बिचारं स्वतःच झाडीत पळालं.

अखेर उतार आला आणि खाली गाव दिसलं. अंगणात तोरण होतं, बायका जमल्या होत्या, आणि सूर्य डोंगराच्या वर हातभर होता. रखमाजीचा जीव भांड्यात पडला. "पोचलो!" तो ओरडला.

पण चढावर जी गाडी ओढावी लागत होती, ती आता बैलांनाच ढकलू लागली. बैलांनी खूर रोवले. रखमाजीनं चाकाखाली धोंडा घातला, तर चाक त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलं. त्या उडीसरशी गाडीचा आस काडकन मोडला. गाडी कलंडली, जू निसटलं आणि बैल बाजूला झाले. जातं मात्र सुटलं ते उड्या मारत, कुंपण मोडून थेट बारशाच्या अंगणात जाऊन थांबलं.

"हे बघा," नणंद म्हणाली, "आजोबांनी पाळण्याऐवजी जातं पाठवलं."

वर रखमाजी ढिगाऱ्याशी झुंजत होता. ज्याच्यासाठी निघाला, ते सगळ्याच्या खाली होतं. शिडी काढली तर बाज अडकायची, बाज ओढली तर चाक घसरायचं. गाठी त्यानंच घट्ट मारल्या होत्या, त्या आता त्याच्याच हातांना सुटेनात. प्रत्येक गाठ सोडताना तो सूर्याकडे पाहत होता, आणि खाली गोदा बाळाला छातीशी धरून डोंगराकडे पाहत होती. "थोडं थांबा, माझे आबा येतायत," ती एकेकीला विनवत होती.

पाळणा निघाला तो एक पाय मोडून. रखमाजीनं तो डोक्यावर घेतला आणि धावत सुटला. धावता धावता त्याच्या लक्षात आलं, की पाळणा किती हलका आहे. एवढा हलका, की म्हाताऱ्या माणसालाही तो डोक्यावर घेऊन पळता येतंय.

तो अंगणात पोचला तेव्हा सूर्य मावळला होता. बाळ जुन्या पाळण्यात झोपलं होतं आणि नणंद साखर वाटत होती. "या आजोबा, तोंड गोड करा. धोंडीबाईंना आशीर्वाद द्या."

रखमाजी मटकन खाली बसला. त्यानं हातात साखर घेतली, पण ती तोंडापर्यंत जाईना.

गोदा त्याच्याजवळ आली. डोंगरावर पसरलेला पसारा तिनं पाहिला. पाळण्यावरून हात फिरवला. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, पण ती हळूच म्हणाली, "आबा, वाटेत काय काय झालं हो? पूर आला का?"

"नाही गं."

"अस्वल आडवं आलं?"

"तेच मला भ्यालं."

"मग उशीर कशानं झाला?"

रखमाजीनं मान खाली घातली. "पुरासाठी आणि अस्वलासाठी घेतलेल्या सामानानं."

मुलगी पुढे मोठी झाली, गुणी निघाली आणि धोंडी याच नावानं सुखानं जगली. रखमाजी तिला मांडीवर घ्यायचा, तेव्हा शेवंता हे नाव त्याच्या ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच थांबायचं.

बोध: वाटेतल्या संकटांसाठी म्हणून बांधलेलं ओझं पेलण्यापलीकडे गेलं, की वाटेतलं सगळ्यात मोठं संकट तेच होऊन बसतं.