अडसरावरचे हात

एकदा एक बातमी विहिरीवर माझ्या कानी आली, तीही निम्मीच. गोदूबाई घागर उचलता उचलता कुणाला तरी सांगत होती, "मठातल्या बाबांनीच वेशीचं दार लावलं म्हणे, अन् बाहेर ठकू तान्ह्या लेकरासकट..." तेवढ्यात तिची सासू आली आणि गोदूबाईचं तोंड मिटलं.

अर्ध्या गोष्टीवर ज्यांना झोप लागते ती माणसं वेगळी. मठ तर माझ्या भिंतीला भिंत लावून. ताकाचा गडवा घेतला आणि निघाले.

आत पाहते तो बाबांचा शिष्य आपलं गाठोडं बांधत बसलेला. डोळे लाल. बाबा समोर दर्भाच्या चटईवर, जणू काही घडलंच नाही. मी ताक ठेवलं आणि विचारलं, तेव्हा तो पोर भडाभडा बोलला.

ओढ्यापलीकडच्या गावात तापाची साथ होती. घरंच्या घरं ओस पडत होती. म्हणून आपल्या पंचांनी ठरवलं होतं, तिकडचं कुणी आत घ्यायचं नाही. आणि काल दिवस मावळताना ठकू वेशीवर आली. ठकू म्हणजे आपल्याच तेल्याची लेक, तिकडे दिलेली. नवरा तापात गेला, लेकरू कडेवर फणफणलेलं. ती माहेरची वेस ठोठावत होती. पंचांतल्या वाण्याने वेसकराला, म्हणजे आमच्या सटवाला, हुकूम सोडला की दाराला आडवं लाकूड, अडसर घाल. वेशीचं दार लावायचं ते सटवानेच, ही चाल पिढ्यान्‌पिढ्यांची. गावातल्या दुसऱ्या कुणी त्या लाकडाला कधी हातसुद्धा लावलेला नाही.

सटवा जागचा हलेना. वेशीशी जमलेल्या सगळ्यांनी, गलका ऐकून आलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा आता दार उघडायला सांगणार, असंच शिष्याला वाटलं. बाबा म्हणाले, दार लावा, पण सटवाने नाही. ज्याला ज्याला दार बंद हवंय, त्याने अडसराला हात लावावा आणि आपलं नाव मोठ्याने सांगावं, म्हणजे बाहेर लेकीला कळेल.

वाणी चिडला. सटवा बलुतं कशाचं खातो, म्हणाला. तर बाबा म्हणाले, "त्याला धान्य दार लावण्याचं मिळतं, लेकीला मारण्याचं नाही." आणि पहिला हात त्यांनी स्वतः ठेवला, नावासकट. मग वाणी आला. मग आणखी काहीजण. शेवटी ठकूचा सख्खा भाऊ. त्याचं नाव ऐकल्यावर बाहेरचं ठोठावणं थांबलं.

इतकं सांगून शिष्याने गाठोड्याला गाठ मारली. म्हणाला, "काकू, सर्वांभूती एकच आत्मा, हे मला यांनीच शिकवलं."

बाबांनी ताकाचा घोट घेतला.

"जीव जगवावा ही ओढ धर्माच्याही आधीची आहे, बाळ. पाणी चढलं की मुंगीही अंडी घेऊन पळते, तिला पाप लागत नाही. वेस, पंच, हे सगळं गाव, त्याच भीतीची लेकरं आहेत. काल मलाही ताप दिसत होता. मी घाबरलो होतो, म्हणूनच हात ठेवला. पण एकट्या माणसाला स्वतःच्या भीतीची लाज वाटते. म्हणून तो ती गावाच्या नावावर टाकतो, आणि गाव ती सटवाच्या हातात देतं. मग कुणालाच काही वाटत नाही. मी त्या अडसरावर गावाचा हात नव्हे, एकेका माणसाचा हात ठेवला."

"मी हात लावला नाही," शिष्य म्हणाला.

"नाही लावलास. मग दार उघडलंस का?"

पोराने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

"त्याच दाराआड तूही निजलास," बाबा हळूच म्हणाले. "नुसते हात कोरडे ठेवलेस."

मग शिष्याने गाठोडं सोडलं. आतली घोंगडी तेवढी काढून घेतली, घागर उचलली आणि वेशीकडे गेला. मागाहून कळलं, दार उघडत नाही म्हटल्यावर तो गावकुसावरून दोर टाकून उतरला. दुसऱ्या सकाळी वाण्याची बायको खाली सोडायला भाकऱ्या घेऊन कुसावर दिसली. मग ठकूचा भाऊ. ज्यांनी नावं सांगितली होती ते एकेक करून आले. ज्यांनी नव्हती सांगितली, त्यांना आपलं काही देणं लागतं असं वाटलं नसावं.

साथ ओसरली तेव्हा वेस उघडली. विहिरीवर तोवर ठकू लेकरासकट मेली, हे कुसाकडे न फिरकलेल्या सगळ्यांचं पाठ झालं होतं. ते निम्मंच खरं निघालं. लेकरू गेलं होतं. शिष्याने त्याला ओढ्याकाठी मूठमाती दिली होती. ठकू स्वतःच्या पायांनी आत आली. मागून शिष्य, ताप खाऊन निम्मा झालेला.

भाऊ पुढे झाला. ती थांबली नाही. बाबांपुढेही नाही. बाबांनी मान खाली घातली. ती गेली ती थेट वेशीतल्या देवडीत, सटवाच्या पुढ्यात जाऊन बसली. "सटवादा," ती म्हणाली, "अडसर तुझा, पण तुझं नाव नाही आलं बाहेर."

आणि सगळ्या गावादेखत, ज्याच्या हातचं गावात कुणी खात नाही, त्याच्या फडक्यातली भाकरी तिने मोडून खाल्ली.

जीव वाचवण्यासाठी दार लावावं लागतं कधी. लावावं. पण अडसर दुसऱ्याच्या हाती देऊन घरी जाऊ नये.