कारंबीची भिवरा आणि शेवटचा हंस

घाटात सडक व्हायच्या फार आधीची ही गोष्ट. तेव्हा बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून लोक ओळखायचे, की कोकणातून मीठ चढतंय की देशावरून गूळ उतरतोय. त्या काळी कारंबी गावाच्या डोंगरातल्या लेण्याची राखण भिवरा नावाची एक बाई करायची. आजही कारंबीत तिचं नाव निघतं, आणि निघालं की माणसं आधी थोडी हसतात. का हसतात, ते गोष्टीच्या शेवटी कळेल.

आधी ते लेणं डोळ्यांपुढं आणा. लेण्याच्या तोंडाशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. पायऱ्या उतरत उतरत पाण्यात जातात. आत छतावर हंसांची रांग कोरलेली आहे. दिवस कलला, की उन्हं टाक्यातल्या पाण्यावर पडतात आणि पाण्यावरून उसळून छताला लागतात. वाऱ्यानं पाणी हललं, की ते दगडी हंस पंख हलवू लागतात. असं म्हणतात, की घडवणाऱ्यानं आधी पाणी कोरलं आणि मग हंस.

रांगेतला शेवटचा हंस मात्र अगदी आतल्या कोपऱ्यात आहे. तो मान पंखांत खुपसून झोपलेला.

लेणं पाहायला येणाऱ्यांसाठी एक रीत होती. पावसाळ्यात डोंगरावरून गाळ वाहून यायचा आणि टाक्याच्या पायऱ्यांवर साचायचा. म्हणून पाहुण्यानं आधी वरच्या पायरीवरचा ओंजळभर गाळ उचलायचा, बाहेर चाफ्याखाली टाकायचा, हात धुवायचे आणि मगच छताखाली जायचं. राजा आला तरी त्याला ओंजळ चुकायची नाही.

भिवरा लग्न होऊन कारंबीत आली, तेव्हा ही राखण तिच्या सासूकडे होती. सासूनं पहिल्याच दिवशी तिच्या हातात तांब्या दिला. "सूनबाई, तू खालच्या पायरीवर पाण्यात उभी राहा," ती म्हणाली, "पावण्यांच्या हातावर पाणी घालायचं तुझ्याकडं." भिवरा उभी राहिली. पुढं सासू गेली. नवरा मिठाच्या तांड्याबरोबर गेला, तो परतला नाही. भिवरेला मग लेण्याशिवाय कोणी उरलं नाही. ती लेणं झाडायची, वटवाघळं हाकलायची, पाहुण्यांचे हात धुवायची. पाहुणे वर जाऊन हंस बघायचे, तेव्हा ती खाली पाण्यातच तांब्या विसळत उभी असायची. अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून पाहुणे लवकर निघायचे. मग ती वर यायची, एकटी छताखाली बसायची आणि उरलेल्या उजेडात हंसांशी बोलायची. 'माझे हंस' म्हणायची ती त्यांना.

एके दिवशी वेळशेतची सगुणा कासारीण बांगड्यांचं ओझं घेऊन आली. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. तिनं गाळ काढला, हात धुतले आणि वर गेली. लगेच वरून तिचा आवाज आला.

"अगं बाई! भिवराक्का! तो कोपऱ्यातला झोपाळू उठला की! मान वर करून माझ्याकडंच बघतोय!"

भिवरा तांब्या टाकून धावत वर आली. हंस झोपलेला होता.

"कुठं काय?"

"आत्ता होता गं. तू आलीस आन् निजला." सगुणा हसली. "माझ्या बांगड्यांचा आवाज आवडला असंल त्याला. तुझे हात बघ, ओकेबोके."

सगुणेच्या मनात काही नव्हतं. ती ओझं उचलून निघूनही गेली. पण भिवरेच्या मनात ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी आलेल्या एका म्हाताऱ्या लमाणाला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नायक, तो शेवटचा हंस कधी पाहिलात का?"

"मान उचलतो तो? दर खेपेला बघतो बाई. त्याच्यासाठीच तर वाकडी वाट करून येतो."

मग तिनं येईल त्याला विचारलं. गुराख्यांना, गोसाव्यांना, माहेराला निघालेल्या लेकीबाळींना. सगळ्यांनी हंसाला मान उचलताना पाहिलं होतं. भिवरेला हे ठाऊक असणारच, असं समजून कोणी कधी बोललं नव्हतं. साऱ्या मुलुखात एकट्या भिवरेलाच ते दिसलं नव्हतं.

"झाडायचं मी," ती हंसाला म्हणाली, "धुवायचं मी, राखायचं मी. आणि मान उचलायची ती वाटसरांसाठी?"

त्या रात्रीपासून तिला घास गोड लागेना. कोणी हंसांचं कौतुक करत गेला, की ती मनातून जळायची. शेवटी तिनं कोयता घेतला, बोरीच्या काटेरी फांद्या तोडल्या आणि लेण्याच्या वाटेवर आडव्या टाकल्या. कोणी विचारलं तर सांगायची, "वर बिबळ्याची मादी व्यालीय." कोणाला सांगायची, "आग्या मोहोळ उठलंय." असं म्हणतात, की तिच्या जळण्यानं त्या तोडलेल्या फांद्यांना मुळं फुटली. ती जितकी जळे, तितके काटे वाढत. वाट दिसेनाशी झाली. कोपऱ्यात घरटं करणाऱ्या पाकोळ्यांवरही तिचा राग गेला. त्यांना रोज हंस जवळून दिसतो, म्हणून तिनं त्यांनाही हुसकावलं.

आता लेणं तिचं एकटीचं झालं. ती रोज दिवस कलायच्या आत छताखाली जाऊन बसायची. तिनं बांगड्या भरल्या, वाजवून पाहिल्या. गाणी म्हटली. हात जोडले. शिव्याही दिल्या. बाकीचे हंस उडत राहिले, पण शेवटच्यानं मान काही उचलली नाही.

पावसाळा आला, गाळ आला. ओंजळ उचलणारं कोणी नव्हतं. वरच्या पायऱ्यांवरचा गाळ खाली घसरला. पुढच्या पावसानं आणखी आणला. टाकं भरत गेलं, पाणी आटत गेलं. पाणी आकसलं तसा छतावरचा उजेडही आकसला. दाराजवळचा हंस आधी विझला, मग त्याच्या शेजारचा. भिवरा कुदळ आणि पाटी घेऊन टाक्यात उतरली. असं म्हणतात, की तिनं हिवाळा खणला, उन्हाळा खणला, तळहाताची कातडी गेली. आणि तिनं जेवढं काढलं, तेवढं पहिल्याच पावसानं परत आणून टाकलं. मुलुखभरच्या ओंजळींचं काम दोन हातांनी कसं व्हावं?

एका संध्याकाळी छतावर उजेडच आला नाही. सगळे हंस नुसते दगड झाले.

भिवरा काट्यांतून अंग ओरबाडून घेत डोंगर उतरली आणि वेळशेतला गेली. सगुणा अंगणात बांगड्यांच्या माळा ओवत बसली होती.

"कोण? भिवराक्का?" सगुणेनं मान वर न करता विचारलं. "बिबळ्याची पिल्लं मोठी झाली का?"

"बिबळ्या नव्हता."

"आन् मोहोळ?"

"तेबी नव्हतं."

"मग होतं काय एवढं?"

"मी होते," भिवरा म्हणाली. "तुला दिसलं आणि मला नाही, म्हणून जळत होते. अजून जळते. पण हंस मेले गं, सगुणे. तू चल."

सगुणेनं हातातली माळ बाजूला ठेवली. ती म्हणाली, "मीबी जळायचे तुझ्यावर. मी उन्हातान्हात दारोदार ओरडत फिरणार, आन् तू त्या गारव्यात हंसांखाली बसणार. चल, ऊठ."

कासारणीला घाटातलं प्रत्येक घर ठाऊक असतं. सगुणेनं अशी हाळी दिली, की ती कोकणातल्या मिठागरांपर्यंत ऐकू गेली, असं म्हणतात. माणसं कुदळी, पाट्या, घमेली घेऊन आली. वाटेवरच्या काटवणापाशी सगळे थबकले. भिवरा पुढं झाली आणि तिनं उघड्या हातानं पहिली फांदी धरली. फांदी मुळासकट तिच्या हातात आली. तिच्यामागोमाग सगळं रान सुटत गेलं.

मग माणसांची रांग लागली. गाळ हातोहात बाहेर जाऊ लागला. चाफ्याखाली त्याची टेकडी झाली. ती आजही आहे, आणि घाटात कुठं नसतील इतकी सोनकीची फुलं तिच्यावर फुलतात. तळ लागला, झऱ्याचं तोंड मोकळं झालं आणि टाकं पुन्हा भरलं. दिवस कलला. उन्हं पाण्यावर उतरली. दाराजवळच्या हंसानं पंख हलवले, मग त्याच्या शेजारच्यानं. माणसं छताखाली दाटीनं बसली.

भिवरेचे पाय मात्र सवयीनं खालच्या पायरीवर गेले. ती तांब्या विसळू लागली.

"उठला! उठला!" वरून सगुणा ओरडली.

भिवरा धावत वर आली. हंस झोपलेला होता. तिचा चेहरा पडला. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. सगुणा मात्र हसली नाही. तिनं भिवरेच्या ओल्या पायांकडे पाहिलं, मग खाली टाक्याकडे पाहिलं. तिथले तरंग हळूहळू विरत होते.

"अक्का, तू परत खाली जा बरं."

भिवरा गेली, पाण्यात उतरली. "उठला," सगुणा म्हणाली. "आता वर ये." भिवरा वर आली. "निजला."

सगुणेनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, त्याला उठवत तूच होतीस की!"

टाक्याचा आतला कोपरा कातळाखाली आहे. तिथवर वारा पोचत नाही. खालच्या पायरीवर कोणी उभं राहून पाणी हलवलं, तरच तिथलं पाणी हलतं, आणि तेव्हाच उजेड शेवटच्या हंसाच्या मानेपर्यंत जातो. जन्मभर भिवरेनं ज्याला त्याला हंस उठवून दाखवला होता. ती वर यायची, तेव्हा खाली पाण्यात कोणी नसायचं.

सगुणेनं लुगड्याचा ओचा खोचला, भिवरेच्या हातातला तांब्या घेतला आणि ती खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. "बघ आता," ती म्हणाली. "एक दिवस तरी पावणी हो."

भिवरेनं वर पाहिलं. शेवटच्या हंसानं पंखांतून मान काढली आणि तिच्याकडे पाहिलं. असं म्हणतात, की तो इतका वेळ पाहत राहिला, की सूर्यही डोंगराआड जायचा थांबला. लोकांना वाटलं, भिवरा आता रडेल. ती हंसावरची नजर न काढता म्हणाली, "सगुणे, नीट हल की जरा. तुझ्या वेळी याच्याहून जास्त उचलली असंल त्यानं."

सगुणा हसत हसत पाण्यात थयथय नाचली.

भिवरा गेली त्याला किती पिढ्या लोटल्या, कोण जाणे. लेण्याच्या वाटेवर आजही कुंपण नाही. मध्यंतरी काही जणांनी ठरवलं, की लेणं जपायचं तर तोंडाला लोखंडी जाळी बसवून कुलूप घालावं. तेव्हा गावातली हौसाबाई भर बैठकीत म्हणाली, "भिवरेनं करून बघितलंय ते." जाळीचा बेत राहून गेला आणि त्याऐवजी गाळ वाहायला चार नव्या पाट्या आल्या. येणारा प्रत्येक जण अजून ओंजळभर गाळ उचलतो. आपलं पाहून झालं, की तो खालच्या पायरीवर उतरतो आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी पाणी हलवतो. त्याला तिथं 'भिवरेची पाळी' म्हणतात.

आणि कारंबीत कोणी कोणावर जळू लागलं, जाऊ जावेवर किंवा भाऊ भावावर, तर जाणती माणसं त्या दोघांना लेण्याकडे पिटाळतात. भिवरेचं नाव निघालं की माणसं हसतात ती यामुळंच. प्रत्येक जण कधी ना कधी तिथं जाऊन आलेला असतो. जळणाऱ्यानं खाली पाण्यात उभं राहायचं, दुसऱ्यानं वर बसायचं. खालच्याला हंस दिसत नाही. त्याला फक्त वरून आवाज येतो, "उठला, उठला!" आणि थोड्या वेळानं वरचा माणूस पायऱ्या उतरून येतो आणि त्याच्या हातातला तांब्या घेतो.